पन्हाळ्याचा यगण

कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईत वांगी विकणारी मावशी गिऱ्हाइकाला सांगते, "ही वांगी न्हाईत ताई, लोणी हाय लोणी!" साहित्यशास्त्रात याला अपन्हुती म्हणतात. उपमेय नाकारायचं आणि त्याच्या जागी उपमान बसवायचं. गूळबाजारात कुणी "साखरेच्या तोंडात मारंल असा गूळ" म्हणालं की तो व्यतिरेक झाला, कारण इथे उपमेय उपमानावर कडी करतं. आणि "कोल्हापूर ते कोल्हापूरच" हा अस्सल अनन्वय. तोडीचं दुसरं काही सापडत नाही, म्हणून तुलना स्वतःशीच.

शाळेत अलंकारांची ही नावं दोन गुणांसाठी व्याख्येसकट पाठ होतात आणि जुन्या कवितांच्या ओळींना चिकटून राहतात. हेच अलंकार बाजारात, तालमीत, एसटीत रोज कानावर पडतात हे मुलांना कुणी सांगत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वृत्तांची तर मुलं धास्तीच घेतात. खरं तर सगळी किल्ली एका ओळीत आहे : यमाताराजभानसलगम्. पहिली तीन अक्षरं घ्या, यमाता. एक लघू म्हणजे ऱ्हस्व, दोन गुरू म्हणजे दीर्घ, हा यगण. एक अक्षर पुढे सरका, मातारा. तिन्ही गुरू, हा मगण. असं सरकत गेलं की आठही गण हाती येतात. मग आपल्या भोवतालचे शब्द त्यात आपोआप बसू लागतात. रंकाळा मगण, तालीम तगण, जोतिबा रगण, शिरोळ जगण, कागल भगण, मिसळ नगण, चपला सगण.

राहिला यगण. तो पन्हाळ्याचा. इथे जरा थांबायला हवं. 'न्ह' लिहिताना जोडाक्षर दिसतं, म्हणून नियमानं त्याच्या आधीचा 'प' गुरू व्हावा. पण मोठ्यानं म्हणून पाहा. 'प'वर आघात येतच नाही, तो लघूच राहतो. डोळ्यांपेक्षा कानाचं ऐकायचं, हा मराठीचा स्वभाव. आता पन्हाळा लागोपाठ चार वेळा म्हणा. भुजंगप्रयात वृत्ताचा पुरा चरण तयार होतो आणि मनाच्या श्लोकांची चाल ओठांवर येते.

मराठी पद्याचं हे मोजमाप ज्यानं जन्मभर केलं, तो माणूस कोल्हापुरातच राहिला, शिकवत राहिला. माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, राजाराम कॉलेजात प्राध्यापक होते. 'छंदोरचना' 1927 साली आली आणि वाढवून, सुधारून 1937 मध्ये पुन्हा निघाली. वृत्त, जाती आणि छंद अशी मराठी पद्याची नीट विभागणी त्यांनी मांडली. 1938 मध्ये याच ग्रंथासाठी मुंबई विद्यापीठानं त्यांना डी.लिट. दिली. पुढच्याच वर्षी ते गेले. फारसीचा हा पंडित मराठीत गझल रुजवतो आणि ओवी-अभंगाचीही तितक्याच आस्थेनं मोजदाद करतो, हे मला फार मोठं वाटतं.

1938 मध्येच वि. स. खांडेकर शिरोड्याहून कोल्हापुरात आले. त्यांच्या रूपककथा वाचल्या की रूपक अलंकार आणि रूपककथा यांतला फरक व्याख्येविना कळतो. रूपक एका वाक्यात दोन गोष्टी एकरूप करतं, तर रूपककथेत गोष्टीच्या पोटात दुसरी गोष्ट सलग वाहत असते.

संज्ञा कळल्यानं कवितेची गोडी जाते, असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. रागाचं नाव माहीत असलेल्याला गाणं कमी गोड लागत नाही, उलट कुठला स्वर आता येणार याची तो वाट पाहतो.

मराठीच्या शिक्षकांना माझी एकच विनंती आहे. अलंकार-वृत्तांच्या तासाला आधी पुस्तक मिटून ठेवा. प्रत्येक मुलाला त्याच्या गावाचं नाव मोठ्यानं म्हणायला लावा, त्याचे लघू-गुरू त्यालाच मोजू द्या, आणि घरातल्या आजीच्या तोंडचं एक वाक्य लिहून आणायला सांगा.