नोंदीचे सातत्य

कोयनानगर, ता. पाटण



तुझ्या प्रबंधाच्या मसुद्यावर प्राध्यापकांनी ‘कन्सिस्टंट नाही’ असा शेरा मारला, त्याचा अर्थ काय घ्यावा असे तू विचारतोस. नोंदींत सातत्य नाही हा एक अर्थ, आणि विधाने परस्परांशी सुसंगत नाहीत हा दुसरा. परंतु पहिल्यावाचून दुसरे साधत नाही, याचा आपल्या गावाइतका उत्तम दाखला मला ठाऊक नाही.

दख्खनचे पठार भूशास्त्रज्ञांच्या लेखी स्थिर प्रदेशांत मोडत असे. १९६२ च्या सुमारास येथील कोयना धरणाचा शिवसागर जलाशय भरू लागला, त्यापाठोपाठ लहानमोठे धक्के जाणवू लागले, म्हणून भूकंपमापक यंत्रे बसवून नोंदी ठेवण्यास आरंभ झाला; आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ परिमाणाच्या भूकंपाने घरे जमीनदोस्त होऊन पावणेदोनशेहून अधिक माणसे दगावली, त्यानंतर तर हे काम पुष्कळच विस्तारले. एका उत्पातावरून, तो कितीही भीषण असला तरी, कारणाचा निवाडा करता येत नाही. मात्र पाण्याच्या पातळीचे दप्तर आणि धक्क्यांचे दप्तर वर्षानुवर्षे शेजारी ठेवून पाहिल्यावर, पावसाळ्यात जलाशय भरला की आणि पुढे पाणी उतरू लागले की धक्के वाढतात, ही संगती डॉ. हर्ष गुप्ता यांच्यासारख्या संशोधकांना दाखवून देता आली. आफ्रिकेतील कारिबा, ग्रीसमधील क्रेमास्टा येथील जलाशयांचा अनुभवही त्याच दिशेचा होता.

लोक सरसकट म्हणतात की धरणाने भूकंप घडविला. खडकात ताण आधीच साठलेला होता, पाण्याचा भार आणि भेगांत झिरपलेल्या पाण्याचा दाब हे निमित्त ठरले, असे म्हणणे अधिक न्याय्य आहे. तेवढ्यावर न थांबता संशोधनासाठी याच परिसरातील गोठणे येथे सुमारे तीन किलोमीटर खोल छिद्र पाडण्यात आले, आणि सव्वा किलोमीटर काळ्या पाषाणाखाली ग्रॅनाइटसदृश प्राचीन खडक लागला.

तेव्हा बाळ, विधाने जुळवीत बसण्यापूर्वी तुझी नोंदवही पुन्हा उघड. जेथे खंड पडला असेल तेथे तो खंड म्हणूनच लिही, अंदाजाचा आकडा भरू नकोस, आणि सुधारलेला मसुदा मला अवश्य पाठव.

तुझा,
काका