गडाच्या किल्ल्या

आज प्रथम वर्षाच्या वर्गात, आंरी फायोल यांनी १९१६ साली मांडलेल्या व्यवस्थापनाच्या चौदा तत्त्वांपैकी ‘एका सेवकास एकच आज्ञादाता’ हे तत्त्व मी फळ्यावर लिहीत असता, मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने शिवकालीन गडांच्या कारभाराविषयी पृच्छा केली आणि खडू हातातच थबकला. किल्ल्या हवालदाराकडे, शिबंदी सरनौबताच्या हुकमतीत, दफ्तर सबनिसाकडे. तिघेही समान दर्जाचे, जेणेकरून एकाची मती फिरली तरी गड शत्रूच्या स्वाधीन होऊ नये. कारखान्यातील शिस्त आणि गडावरील इमान यांची निकड निराळी, हे मला त्या क्षणी जितके स्पष्ट दिसले, तितके ग्रंथांतून कधी दिसले नव्हते. मुले किती खोल पाहतात! फळा मी पुसला नाही. उद्याच्या तासाला प्रथम तिलाच बोलू द्यायचे आहे.