वाचलेले अकरा हजार

तीन वर्षांपूर्वी आमच्या ट्रॅव्हल एजंटचा फोन आला. "भाभी, डायरेक्ट देऊ की कनेक्टिंग? कनेक्टिंगमध्ये अकरा हजार वाचतायत."

मी विचार केलाच नाही. "कनेक्टिंग द्या," म्हटलं आणि फोन ठेवला. अकरा हजार म्हणजे आमच्या घरात दोन महिन्यांचा किराणा. ज्याचा नवरा आखातात राबतो त्या घरात पैसे वाचवणं हे बाईचं पहिलं काम असतं, निदान आपण तसं समजतो. सासूबाईंना सांगितलं तर त्याही खूश झाल्या.

मुलांचे अब्बा दम्मामला एका कंपनीत सुपरवायझर आहेत. लेक तेव्हा साडेतीन वर्षांची होती आणि धाकटा नऊ महिन्यांचा. धाकट्याला त्यांनी एकदाही हातात घेतलेलं नव्हतं. जन्माच्या वेळी सुट्टी मिळाली नाही, नंतरही मिळाली नाही. शेवटी फॅमिली व्हिजिट व्हिसा झाला आणि आम्हीच निघायचं ठरलं. दोन मुलं, दोन बॅगा आणि मी.

मुंबईहून दम्मामला थेट विमान साधारण चार तासांत पोचतं. माझ्या तिकिटात मध्ये आखातातल्याच एका शहरात उतरायचं होतं आणि तिथे दुसऱ्या विमानासाठी एक तास चाळीस मिनिटं होती. एजंट म्हणाला, "भरपूर वेळ आहे." एकट्या पुरुषाला तो भरपूर असेलही.

मुंबईचं विमान अडीच तास उशिरा सुटलं. कारण काय ते कोणी नीट सांगितलं नाही. उतरलो तेव्हा पुढचं विमान केव्हाच गेलेलं होतं. काउंटरवरच्या मुलीने सकाळी आठच्या विमानाचे बोर्डिंग पास हातात दिले. म्हणजे नऊ तास तिथेच.

या नऊ तासांत मी जे शिकले ते कुठल्याही एजंटने मला सांगितलेलं नव्हतं.

पहिली गोष्ट, बाबागाडी. मुंबईत मी ती गेटवर दिली होती. तिच्यावर दम्मामचा टॅग लागला, त्यामुळे मधल्या विमानतळावर ती मिळालीच नाही. गेटवरच "मला ही मध्ये हवी आहे" असं स्पष्ट सांगून तसा टॅग लावून घेता येतो का, हे विचारायला हवं होतं. नऊ किलोचं बाळ कडेवर, खांद्याला बॅग आणि पदराला धरून चालणारी लेक, अशी मी रात्रभर फिरले.

दुसरी गोष्ट, सामान. दुधाची पावडर आणि मुलांचे जादा कपडे मी मोठ्या बॅगेत टाकले होते. ती बॅग थेट दम्मामला जाणार होती. हातात होते चार डायपर आणि एक डबा. बाळाचं दूध, पाणी, खिमट यांना शंभर मिलिलिटरचा नियम तसा लावत नाहीत, प्रवासापुरतं जवळ ठेवू देतात. हे मला ठाऊक नव्हतं, म्हणून भीतीने सगळं खाली टाकलं होतं. नशीब, धाकटा अजून अंगावर पीत होता.

तिसरी गोष्ट, कान. विमान खाली उतरताना केबिनमधला हवेचा दाब वाढत जातो. कान आणि घसा जोडणारी नळी लहान मुलांची अरुंद असते, त्यामुळे दाब पटकन सारखा होत नाही आणि कान ठणकतात. मोठी माणसं आवंढा गिळतात, जांभई देतात. बाळाला ते सांगता येत नाही, म्हणून विमान उतरायला लागलं की त्याला जागं करून पाजायचं. लेकीला निघताना सर्दी होती. कनेक्टिंग म्हणजे एकाऐवजी दोनदा उतरणं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पहिल्या लँडिंगला ती कान धरून रडली. दुसऱ्याला तिचा घसा बसला होता, नुसता हुंदका येत होता.

चौथी गोष्ट सांगायला संकोच वाटतो, पण सांगते. दोन लहान मुलांना घेऊन एकट्या बाईने बाथरूमला कसं जायचं? लेक बाकावर झोपलेली, बाळ मांडीवर. लेकीला उठवावं तर ती किंचाळणार, सोडून जावं तर जीव लागणार नाही. मी चार तास तशीच बसून राहिले. शेवटी समोर बसलेल्या एका केरळी नर्सने माझ्याकडे बघून खूण केली, तू जा, मी बसते. तिला हिंदी जेमतेम येत होतं, मला मल्याळम एक शब्द नाही. मी परत आले तेव्हा धाकटा तिच्या खांद्यावर झोपला होता. तिचं नावसुद्धा मी विचारलं नाही. तिच्यासाठी मी अजून दुआ करते.

त्या रात्री प्रार्थनेच्या खोलीत मी मगरीब आणि इशा एकत्र पढले. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. प्रवासात दोन वेळच्या नमाजा जोडायची आणि चार रकातींच्या दोन करायची सवलत आम्हाला आहे. सलाम फिरवल्यावर मनात आलं, प्रवासात माणूस दमतो हे दीनने मान्य केलंय, आणि त्याच्यासाठी फर्ज नमाजसुद्धा आखूड केलीय. मग मी स्वतःला अकरा हजारांची सवलत का दिली नाही?

दम्मामला पोचलो तेव्हा दुपार होत आली होती. मुलांचे अब्बा आदल्या रात्रीपासून विमानतळावर होते. त्यांनी एका दिवसाची सुट्टी घेतली होती, ती वाट बघण्यात गेली. दुसऱ्या दिवसाचा पगार कापला गेला. त्यांनी पहिल्यांदा धाकट्याकडे हात पुढे केले आणि तो घाबरून माझ्या मानेला बिलगला. दोघेही रात्रभर न झोपलेले. त्या भेटीचं चित्र मी नऊ महिने मनात रंगवलं होतं. ते असं नव्हतं.

रात्री लेकीला ताप चढला. डॉक्टरने कानात बघितलं आणि औषध दिलं. सर्दी असताना विमानात बसवण्याआधी डॉक्टरला दाखवायला हवं होतं, हेही त्यांनीच सांगितलं.

नंतर एकदा मी हिशेब मांडला. कापलेला पगार, डॉक्टर, औषध, विमानतळावरचं महाग पाणी आणि सँडविच. अकरा हजारांतले फार उरले नाहीत. आणि माझी कंबर पंधरा दिवस धरलेली होती, ती हिशेबात कुठे लिहायची हे मला कळलं नाही.

गेल्या वर्षी पुन्हा जायची वेळ आली. आता धाकट्याला दोन वर्षं पूर्ण झालेली. दोन वर्षांच्या आतलं मूल मांडीवर नेता येतं आणि बहुतेक कंपन्या परदेशी प्रवासाला मोठ्यांच्या भाड्याच्या साधारण दहावा हिस्सा घेतात. दोन पूर्ण झाली की सीट वेगळी, भाडंही जवळपास मोठ्यांइतकं. म्हणजे तीन सीटा, आणि डायरेक्ट-कनेक्टिंगमधला फरकही आता तीन सीटांचा.

मी सासऱ्यांसमोर कागद घेऊन बसले. ते हसले. सत्तरच्या दशकात ते बहरीनला गेले होते 'द्वारका' बोटीने. ती 1982 पर्यंत मुंबई, कराची आणि आखातातली बंदरं अशी फिरायची. डेकवर चटई टाकून झोपायचं, बंदर आलं की थांबायचं. "आमचं सगळंच कनेक्टिंग होतं बाय," ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "पण तुझी सासू त्या बोटीवर कधी चढली नाही. पोरं घेऊन ती यायची नाही, मीही आणली नाही. बारा वर्षं अशीच गेली."

ते ऐकल्यावर मला माझा प्रश्न नीट दिसला. स्वस्त कोणतं हा तो प्रश्नच नव्हता. आपली मुलं आपल्या बापाला वर्षातून एकदा तरी भेटावीत आणि त्या भेटीला पोचेपर्यंत माणसात असावीत, यासाठी किती मोजायचे, हा होता.

कागदावर मी पहिल्यांदा पूर्ण प्रवास लिहिला, घराच्या उंबऱ्यापासून. आपण डायरेक्ट म्हणतो तेव्हा ते मुंबईकराचं डायरेक्ट असतं. आमच्या खेडजवळच्या गावाहून निघायचं तर आधी रिक्षा, मग कोकण रेल्वे नाहीतर हायवेचे हाल, मग मुंब्र्याला खालाकडे मुक्काम, तिथून रात्री टॅक्सीने विमानतळ. म्हणजे मुंबई हेच आमचं पहिलं कनेक्शन. त्यात आणखी एक घालायचं म्हणजे दुसरं. डायरेक्ट विमान पहाटे चारचं होतं, म्हणून मी खालाकडे दोन दिवस आधी जायचं ठरवलं. मुलांची झोप आधीच भरून ठेवायची, हा त्यावरचा एकच उपाय.

एजंटने या वेळी आणखी एक युक्ती सुचवली. दोन वेगळ्या कंपन्यांची दोन वेगळी तिकिटं, खूपच स्वस्त. हे मात्र लहान मुलं असताना चुकूनही करू नका. एकाच पीएनआरवर दोन्ही विमानं असतील तर पहिल्याला उशीर झाल्यावर पुढची सोय कंपनी करते, जशी माझी केली. तिकिटं वेगळी असतील तर दुसरी कंपनी म्हणणार, तुम्ही वेळेवर आला नाहीत, तिकीट गेलं. शिवाय मध्ये सामान स्वतः घ्यायचं, पुन्हा चेक-इन करायचं, आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो. मुलं कडेवर घेऊन हे कोण करणार?

म्हणून कनेक्टिंग वाईटच असं मी म्हणणार नाही. माझी थोरली बहीण टोरांटोला असते. ती दोन मुलांना घेऊन येते तेव्हा मुद्दाम मध्ये थांबा घेते. तिचं म्हणणं, चौदा-पंधरा तास एका सीटवर दोन वर्षांच्या मुलाला बांधून ठेवणं हा त्याच्यावर जुलूम आहे. मध्ये तीन-चार तास मिळाले तर मुलं धावतात, तोंडं धुतात, गरम काहीतरी खातात. दोन तासांपेक्षा कमी वेळ म्हणजे धावपळ, सहापेक्षा जास्त म्हणजे शिक्षा, असा तिचा अनुभव. पण तिच्याबरोबर तिचा नवरा असतो. दोन माणसं असली की एकजण बाथरूमला जाऊ शकतो. चार तासांच्या आखाती प्रवासाला मात्र तीही म्हणते, थेट जा.

राहिला पैशांचा प्रश्न. तीन तिकिटांचा फरक आला तीस हजारांच्या वर. तो कुठून आणायचा? मुलांच्या अब्बांना मी फोन केला आणि म्हटलं, "या वेळी परत येताना सामान आणायचं नाही." पलीकडे शांतता. आखातातून येणाऱ्या माणसाच्या घरी काय अपेक्षा असते ते आपल्याला माहीत आहे. कुणाला ब्लँकेट, कुणाला टँग, कुणाला अत्तर, शेजारच्या चाचींना बदाम, मोहल्ल्यातल्या प्रत्येकाच्या हातात काहीतरी. दरवेळी त्यात तीस-पस्तीस हजार सहज जातात.

"लोक काय म्हणतील?" ते म्हणाले.

"म्हणू देत. विमानात पोरं मी नेतेय, लोक नाही."

थोड्या वेळाने ते म्हणाले, "मागच्या वेळी मीच तुला विचारायला हवं होतं." एवढंच. पण हे वाक्य ऐकायला मला दोन वर्षं लागली होती.

पहाटेचं विमान वेळेवर सुटलं. मुलं दोन तास झोपली. उतरायला लागल्यावर दोघांना लॉलीपॉप दिले. आमचं घड्याळ अडीच तास मागे करून बाहेर आलो तेव्हा तिथे नुकतंच उजाडत होतं. धाकटा ट्रॉलीवर बसून आला, समोर बाप दिसल्यावर खाली उडी मारली आणि पळत गेला. मी मागे ट्रॉली ढकलत राहिले.

दोन महिन्यांनी गावी परतलो. शेजारच्या चाची आल्या, बॅगांकडे बघितलं. "काय गं, या वेळी काहीच नाही?"

"नाही चाची," मी म्हटलं. "या वेळी डायरेक्ट आलो."

त्यांना काय कळलं देव जाणे. चहा घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी घावण्यांचं ताट घेऊन पुन्हा आल्या.

आखातात असलेल्या भावांना एकच सांगणं आहे. तिकीट काढण्याआधी घरी फोन करा. किती वाचतायत ते सांगा, पण त्याबरोबर हेही विचारा, तुला झेपेल का? ती बहुतेक हो म्हणेल. मीही म्हटलं होतं. तेव्हा दुसऱ्यांदा विचारा.