अब्बांची ट्रॅक्स

अब्बांनी धारणीच्या रस्त्यांवर 27 वर्षे काळी-पिवळी चालवली. परमिट सोडल्यावर गाडीचा पिवळा रंग काढून त्यांनी ती घरची करून घेतली. पुढे डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला तेव्हा गाडी विकायचे ठरले. पण त्याआधी त्यांना एकदा नांदेडला फुफीअम्मांकडे जायचे होते. त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. मी म्हटले, "अब्बा, एस.टी.ने जाऊ." ते म्हणाले, "तुम लोग एस.टी. से जाओ. मैं मेरी गाडी लेके जाता."

25 डिसेंबरच्या सुटीला मी दोन किरकोळ रजा जोडल्या. ह्यांना रजा मिळाली नाही. मागच्या बाका काढून आम्ही गाद्या घातल्या. अम्मीने स्टोव्ह, तवा, पिठाचा डबा, रजया सगळे भरले. ते पाहून माझा मुलगा म्हणाला, "अम्मी, अमेरिकेतले म्हातारे लोक थंडीत असेच चाकांवरचे घर घेऊन दक्षिणेकडे जातात." अब्बांना ते फार आवडले.

फजरनंतर निघालो. धारणीची थंडी हाडांत शिरणारी. हरिसाल सोडले आणि सेमाडोहच्या जंगलात धुके असे उतरले की समोरचा साग दिसेना. मी पुढे बसले होते. "अब्बा, डावीकडे वळण आहे... समोरून ट्रक येतोय." ते चिडले, "ये घाट मैं आँख मूँद के उतरता." मी गप्प बसले, पण हात डॅशबोर्डवरून काढला नाही.

परतवाड्याला ऊन लागले. स्वेटर निघाले. संत्र्यांचे ट्रक, अंजनगावचे पानमळे पाहत अकोट गाठले, तोवर आभाळ भरून आले. हिवाळ्यात हवा कोरडी असते, असे मी वर्गात शिकवते. पण उत्तरेचा थंड वारा आणि बंगालच्या उपसागरावरून आलेली दमट हवा एकमेकांना भिडली, की ऐन डिसेंबरातही वऱ्हाडात पाऊस पडतो. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात गारपिटीने उभी पिके झोपवली होती, ती आमच्याकडे अजून कोणी विसरलेले नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगांना फुटलेला कापूस होता. पहिली सर आली आणि तो काळवंडू लागला.

अकोटच्या पुढे पावसाने झोडपायला सुरुवात केली. अब्बांनी गाडी एका निंबाखाली घेतली. इंजिन बंद करून हलक्या आवाजात म्हणाले, "बेटा, मेरे को कुछ नहीं दिख रहा."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून हे ऐकले. काय बोलावे ते सुचेना.

तेवढ्यात बाहेरून माणसांचे बोलणे ऐकू आले. निंबाच्या बुंध्याशी प्लास्टिकचा कागद डोक्यावर धरून एक कुटुंब उभे होते. दोन गडी, दोन बाया, एक नऊ-दहा वर्षांची मुलगी, एक तान्हे मूल, भांड्यांचे गाठोडे आणि टोपलीत कोंबडी. अब्बांनी कान दिला. "अरे, ये तो कोरकू बोल रहे. अपने उधर के लोग हैं." काच खाली करून त्यांनी कोरकूतच हाक मारली. 27 वर्षे त्यांच्या गाडीत हीच माणसे बसत आली होती.

मी मागे पाहिले. अम्मीच्या स्वच्छ गाद्या, आणि यांचे पाय चिखलाने भरलेले. "अब्बा, जागा कुठे आहे?" ते हसले. "काली-पिली में कभी जगह खतम हुई है क्या?"

अम्मीने न बोलता गाद्या गुंडाळल्या. सगळे आत आले. दाटीवाटीने बसूनच अम्मीने चहा केला, पोळ्या वाटल्या. कापूस वेचायला आले होते. ओल्या कापसाची वेचणी होत नाही, म्हणजे दोन-तीन दिवसांची मजुरी गेली. घर चाकांवर नव्हते, डोक्यावर होते. मी सवयीने मुलीला विचारले, "शाळेत जाते का?" तिने आईकडे पाहिले. बाप म्हणाला, "जाती. होली को घर जाएँगे, तब जाएगी."

दिवाळी ते होळी. आमच्या मेळघाटातल्या कितीतरी मुलांच्या हजेरीला इतके मोठे भगदाड पडते. मी बी.एड. आहे, जन्माने धारणीची आहे, पण त्या मुलीशी तिच्या भाषेत एक वाक्य मला बोलता येत नव्हते. पाण्याला काय म्हणतात, एवढेच ठाऊक. अब्बा मात्र तिच्याशी बोलत होते आणि ती खुदकन हसत होती.

तासाभराने पाऊस थांबला. ती माणसे शेतातल्या खोपडीकडे चालू लागली. अब्बा म्हणाले, "चल, अब दिखता."

पातूरचा घाट चढून मालेगावच्या पुढे एका पेट्रोल पंपावर आम्ही गाडीतच झोपलो. पावसानंतरची थंडी जास्तच बोचत होती, आणि रजईला ओल्या मातीचा वास येत होता. दुसऱ्या दिवशी नांदेडला फुफीअम्मांनी अब्बांचा हात बराच वेळ सोडला नाही.

जानेवारीत गाडी विकली. डोळ्याचे ऑपरेशन झाले. होळी जवळ आली की धारणीच्या स्टँडवर गाठोडी घेऊन माणसे उतरू लागतात. शाळेतून येताना मी थांबते, त्यांच्यात ती मुलगी दिसते का पाहते. नावाने हाक मारता येणार नाही. हजेरी घेणारी बाई मी, पण तिचे नाव तेवढे विचारायचे राहून गेले.