गल्ल्याची किल्ली

धंदेवाल्यांनी खेळाडूंकडून नेतृत्व शिकावे, असे व्याख्यानांतून वारंवार कानावर येते. मला त्यातले एकच उदाहरण मनापासून पटते. १९७१ साली विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने अजित वाडेकर कर्णधार झाले. पतौडींच्या जागी आलेल्या या माणसाचे स्वतःचेच आसन अजून स्थिर नव्हते. तरीही वेस्ट इंडिजच्या दौऱ्यासाठी त्यांनी दिलीप सरदेसाईंचा आग्रह धरला. किंग्स्टनला ५ बाद ७५ अशी दाणादाण उडाली, तेव्हा सोलकरला साथीला घेऊन सरदेसाई उभे राहिले ते २१२ धावा करूनच परतले. मालिकेत ६४२! भारताने तिथे प्रथमच मालिका जिंकली.

वाडेकर स्टेट बँकेत नोकरीला होते, हे मला उगाचच महत्त्वाचे वाटते. कारण पेढीवरचा रिवाज नेमका उलटा. संध्याकाळी मी ज्या दुकानात हिशेब लिहितो, तिथे बारा वर्षे राबलेल्या नोकराच्या हाती अद्याप गल्ल्याची किल्ली नाही. 'आधी विश्वास मिळव,' म्हणतात मालक. अहो, पण संघाबाहेर बसून सरदेसाईंनी २१२ धावा कुठे काढायच्या होत्या? मालक परगावी गेले की दुकानाला कुलूप लागते आणि गिऱ्हाईक मुकाट्याने समोरच्या दुकानाची पायरी चढते.