वर्षाचीं दहा गाणीं

डिसेंबर सरत आला कीं येथें मेहकरांत आम्ही एका न्यायासनावर आरूढ होतों. हें आसन आम्हांस कोणीं दिलेलें नाहीं. आमचा अधिकार विचाराल तर यमन व भूप यांतील भेद आम्हांस दहांतून सहा वेळां ओळखतां येतो. तरीहि वर्षभरांत निघालेल्या मराठी गाण्यांतून उत्तम दहा निवडून तीं गुणानुक्रमें एका वहींत लिहावयाचीं, हा नेम आम्हीं वीस वर्षें चालविला आहे. वहीचा वाचकवर्ग म्हणजे घरांतील चार माणसें. पैकीं तिघें ती वाचीत नाहींत.

काम दिसतें तितकें सुखाचें नाहीं. तबकड्यांच्या काळीं एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटें मावत, आणि प्रत्येक बाजूस नवी सुई लावावी लागे. त्यामुळें घेणारा विचार करून घेई. आतां फोनवर बोट टेकतांच गाण्यांचा पूर लोटतो. पैनगंगेच्या पुरांत उभें राहून पाण्याची चव सांगावी कशी?

आणि आमचे निकाल! २०१६ सालीं ‘सैराट’मधील एकहि गाणें आम्हीं घेतलें नाहीं. अजय-अतुल यांनीं त्यासाठीं अमेरिकेंतील वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला होता, हें ठाऊक असूनहि प्रत्येक वरातींत तीं गाणीं वाजतात एवढ्याच अपराधाबद्दल आम्हीं तीं बाद ठरविलीं. त्या वर्षीं ज्यांस पहिला व दुसरा क्रमांक दिला, त्यांच्या चाली आज आठवूं म्हटल्या तरी आठवत नाहींत. ‘झिंगाट’ मात्र आम्ही स्नान करतांना नकळत म्हणतों, असें आमच्या कुटुंबाचें म्हणणें आहे.

यंदा मात्र खरा पेंच पडला. फाल्गुनांत आमचे वडील गेले. त्यांचें एकच गाणें होतें : ‘शीळ’. कवि ना. घ. देशपांडे आमच्या मेहकरचे, व्यवसायानें वकील. वडिलांनीं त्यांस रस्त्यानें जातांना अनेकदां पाहिलें होतें. गायक जी. एन. जोशी याच जिल्ह्यांत खामगांवीं जन्मलेले, आणि शिक्षण त्यांचेंहि कायद्याचेंच. (एरवीं दोन वकील एकत्र आले तर गाणें निघत नाहीं.) १९३२च्या सुमारास ती तबकडी निघाली, आणि मराठी भावगीताचा आरंभ तिच्यापासून मानणारे पुष्कळ आहेत. वडील दाढी करतांना ती चाल गुणगुणत. एकदां, न्यायासनाचा ताठा अंगांत असतांना, आम्ही बोलून गेलों, “दादा, चाल फार साधी आहे हो.” ते म्हणाले, “असेल.” त्यानंतर आमच्यादेखत त्यांनीं तें गाणें कधींहि गुणगुणलें नाहीं. आम्ही खोलींत शिरलों कीं आवाज थांबे. इतके दिवस आम्ही समजत होतों कीं त्यांची दाढी झाली असावी.

गेल्या आठवड्यांत आम्हीं तें मूळ मुद्रण फोनवर शोधून काढलें व खरखरीसकट चार वेळां ऐकलें. ऐकतांना ध्यानांत आलें कीं वडील एका ठिकाणीं चुकत. जेथें गायक वर जातो, तेथें ते खालीं उतरत. आणि आतां आमच्या कानांस गायकच चुकल्यासारखा वाटतो! ज्याचा कान असा पक्षपाती झाला, त्यानें गुणानुक्रम तरी कोणत्या तोंडानें लावावा?

कुटुंबास विचारलें, “हें यंदाच्या दहांत घालावें काय?”

“नियम तुमचाच ना, यंदा निघालेलें गाणें हवें म्हणून?”

“पण आम्हीं तें यंदाच ऐकलें.”

“घरांत तर तें रोज चालूं होतें,” एवढें बोलून त्या आंत निघून गेल्या.

आज एकतीस तारीख. नऊ नांवें लिहून झालीं आहेत. दहाव्या आंकड्यापुढें दोनदां लेखणी टेकविली आणि दोनदां उचलली. दोन नव्या गाण्यांनीं ती जागा मागितली आहे; एकाची चाल खरोखर चांगली आहे. आंत कोणी तरी फोडणी देतां देतां गुणगुणत आहे, आणि त्या ठिकाणीं आवाज खालीं उतरला.