एका कबरीपलीकडचे खुल्दाबाद

2025 च्या मार्च महिन्यात खुल्दाबादचे नाव रोज बातम्यांत होते. बादशाह औरंगजेबाची कबर हटवा, अशी मागणी झाली आणि गावात पोलीस बंदोबस्त लागला. त्याच दिवसांत आमच्या सातवीच्या वर्गात एका मुलाने हात वर केला. "सर, त्या गावात आपल्याला जाता येतं का? की बंदी आहे?"

शाळेपासून खुल्दाबाद जेमतेम 25 किलोमीटर. गाव कोणी कोणी पाहिले आहे, असे आम्ही वर्गाला विचारले. चाळीसपैकी नऊ हात वर आले, आणि त्यांतल्याही बहुतेकांनी ते वेरूळला जाताना बसच्या खिडकीतून पाहिलेले. दोष मुलांचा नव्हता. आम्हीच त्यांना कधी नेले नव्हते.

सहामाही परीक्षा संपली आणि आम्ही मुलांना घेऊन निघालो. दौलताबादच्या किल्ल्याजवळ रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या टोपल्या मांडलेल्या होत्या. पुढे कागजीपुरा लागतो. हाताने कागद बनवणाऱ्यांचे हे गाव. मुहंमद तुघलकाने 1327 मध्ये दिल्लीची राजधानी दौलताबादला आणली, तेव्हापासून हा हुन्नर इथे आहे, असे सांगतात. मुलांनी तो जाडसर, खरखरीत कागद हातात घेऊन पाहिला. मग घाट चढलो, हवा थोडी गार झाली आणि गावाचा जुना तट दिसू लागला.

या गावाचे मूळ नाव रौझा. बादशाहाच्या मृत्यूनंतर त्याला 'खुल्द-मकान' म्हणू लागले, त्यावरून खुल्दाबाद. पण बादशाह इथे येण्याच्या चारशे वर्षे आधीच हे गाव नावारूपाला आले होते. दिल्लीच्या ख्वाजा निजामुद्दीन औलिया (रह.) यांचे मुरीद हजरत मुंतजबुद्दीन जर जरी जर बख्श (रह.) इथे राहिले आणि 1309 मध्ये इथेच वारले. त्यांच्यानंतर त्यांचे बंधू हजरत बुरहानुद्दीन गरीब (रह.) आले. त्यांचा मृत्यू 1337 चा. तापीकाठचे बुऱ्हाणपूर शहर त्यांच्याच नावाने वसले. त्यांचे खलिफा हजरत जैनुद्दीन शिराजी (रह.), मृत्यू 1369. बुऱ्हाणपूरसमोर, नदीच्या दुसऱ्या काठावरच्या जैनाबादला त्यांचे नाव मिळाले. दख्खनच्या या टेकडीवरच्या फकिरांची नावे दूरच्या शहरांना दिली गेली, हे ऐकून मुले नकाशावर तापी शोधू लागली.

जैनुद्दीन (रह.) यांच्या दर्ग्यात पैराहन-ए-मुबारक जपून ठेवले आहे. 12 रबीउल अव्वलला ते पाहण्यासाठी दूरदूरहून लोक येतात. याच दर्ग्याच्या अंगणात एका कोपऱ्यात ती बातम्यांतली कबर आहे. मुलांनी मोठ्या घुमटाची कल्पना केली होती. समोर दिसली ती मातीची, वर छत नसलेली साधी कबर. भोवतीची संगमरवरी जाळी फार नंतरची, इंग्रजांच्या आणि निजामाच्या काळातली. काबूलपासून दख्खनपर्यंत सत्ता असलेला बादशाह 1707 मध्ये अहमदनगरजवळ वारला. टोप्या शिवून मिळवलेल्या चार रुपये दोन आण्यांत कफन घ्यावे, अशी त्याची वसियत सांगितली जाते. त्याला आणून पुरले ते एका फकिराच्या पायाशी.

"सर, एवढीच?" तो हात वर करणारा मुलगा म्हणाला.

"एवढीच," आम्ही म्हणालो. "आता ज्यांचं राज्य त्यानं घेतलं, त्यांच्याकडे जाऊ."

गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याचे राज्य 1687 मध्ये औरंगजेबाने जिंकले. तानाशाहाची उरलेली वर्षे दौलताबादच्या किल्ल्यात कैदेत गेली. त्याची कबरही याच गावात आहे, हजरत शाह राजू कत्ताल (रह.) यांच्या दर्ग्याजवळ. जिंकणारा आणि हरलेला एकाच गावच्या मातीत. मुले बराच वेळ गप्प होती.

गावाच्या वायव्येला मलिक अंबरचा मकबरा आहे. हबश देशातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा निजामशाहीचा वजीर झाला. आमचे शहर त्यानेच 1610 मध्ये खडकी नावाने वसवले आणि नहर-ए-अंबरीने त्याला पाणी दिले. त्याला 1626 मध्ये इथे दफन केले. जवळच त्याची बीबी, बीबी करीमा हिचा मकबरा आहे. समोरच्या बुरहानुद्दीन (रह.) यांच्या दर्ग्यात पहिला निजाम आसफजाह आहे, मृत्यू 1748.

आम्हा शिक्षकांना मात्र ओढ होती ती गावाबाहेरच्या दोन कबरींची. एक अमीर हसन सिजझी यांची, ज्यांनी ख्वाजा निजामुद्दीन (रह.) यांच्या मजलिसींतले बोल 'फवाइद-उल-फुआद' या ग्रंथात लिहून ठेवले. दुसरी आझाद बिलग्रामी यांची, अरबी-फारसीचे मोठे विद्वान, मृत्यू 1786. मुलांना इथे आणायचे, कबरीवर ठेवलेली साखर त्यांनी ओठांनी उचलायची, म्हणजे इल्मची गोडी लागते, अशी जुनी प्रथा सांगतात. आम्ही मुलांना साखर दिली नाही. इल्म अभ्यासाने येते, हे सांगितले. पण एखाद्या गावाने विद्येसाठी अशी प्रथा घडवावी, याचा आनंद झाल्याशिवाय राहिला नाही.

परतताना भद्रा मारुतीच्या मंदिरावरून गेलो. तिथली हनुमानाची मूर्ती निजलेली आहे. श्रावणात शनिवारी शहरातून हजारो भाविक रात्रभर चालत तिथे येतात. तेही याच घाटाने, याच तटांजवळून. गावाला दोन्ही गर्दींची सवय आहे.

बसमध्ये त्या मुलाने वही दाखवली. कोण कुठून आले याची त्याने यादी केली होती: हबश, शिराज, दिल्ली, गोवळकोंडा, बिलग्राम. खाली लिहिले होते, "सगळे बाहेरून आले. सगळ्यांना इथली माती मिळाली." आम्ही त्यात एकही दुरुस्ती केली नाही.

कबरींना भेट दिल्याने आखिरतची आठवण होते, ही आपल्या दीनची शिकवण आहे. वाचकांनी एखादी सुट्टी खुल्दाबादसाठी काढावी. मन्नत मागायला नव्हे, फातिहा पढायला आणि मुलांना दाखवायला. आपले गाव आपल्या मुलांना आपण दाखवले नाही, तर ते त्यांना फक्त बातम्यांतून दिसेल. आणि बातम्यांत तिथे एकच कबर असते.